न्याय आणि तिजोरी : नाऊरूचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देशाच्या सरन्यायाधीशाला दूर करणे ही गोष्ट लोकशाही राज्यघटना मुद्दामच अवघड करून ठेवीत असते. प्रशांत महासागरातील नाऊरू या चिमुकल्या प्रजासत्ताकाच्या १९६८ च्या घटनेतही तशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढावयाचे, तर संसदेच्या एकूण सभासदांपैकी दोनतृतीयांश सभासदांनी तसा ठराव संमत करावा लागतो. जानेवारी २०१४ मध्ये नाऊरू सरकारला आपले सरन्यायाधीश नकोसे झाले, तेव्हा असा ठराव कोणी मांडला नाही. सरन्यायाधीश जेफ्री ईम्स हे ऑस्ट्रेलियन नागरिक होते आणि न्यायालयाच्या कामासाठी ऑस्ट्रेलियातून बेटावर जात असत. सरकारने त्यांचा व्हिसा रद्द केला. तेवढ्याने काम भागले. घटनेच्या एका अक्षरालाही धक्का लागला नाही; फक्त सरन्यायाधीशाला आपल्या न्यायालयापर्यंत पोहोचता येईना. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

नाऊरूचे क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे १२ हजार. एवढ्याशा बेटावरील घडामोडींशी आपला संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याची चर्चा बहुधा घटनेची कलमे, नेमणुकांची पद्धत आणि न्यायाधीशांचे चारित्र्य यांभोवती फिरते. हे स्वातंत्र्य कोणत्या आर्थिक पायावर उभे असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोठ्या देशात असंख्य हितसंबंध एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्याचे उत्तर सहज हाती लागत नाही. नाऊरूत ते उघड दिसते. तिथे तिजोरी भरणारा हात आणि न्यायालयाचे दार लावणारा हात यांतील अंतर फारच थोडे आहे.

खात्याच्या नावातील अर्थ

नाऊरूच्या न्यायखात्याचे अधिकृत नाव बरीच वर्षे 'न्याय व सीमानियंत्रण विभाग' असे आहे. न्याय देण्याची व्यवस्था आणि देशात कोणाला येऊ द्यायचे, कोणाला घालवून द्यायचे हे ठरविण्याची व्यवस्था एकाच छपराखाली आहे. लहान देशात एका खात्याकडे अनेक कामे असावयाचीच. त्यात गैर काही नाही. परंतु नाऊरूत न्यायाधीश, दंडाधिकारी, सरकारी वकील हे बहुतांशी परदेशांतून आणावे लागतात. म्हणजे न्यायालयात बसणाऱ्या माणसाचा बेटावर राहण्याचा परवाना त्याच खात्याच्या हाती असतो, ज्या खात्याच्या कृतीविरुद्ध नागरिक त्या न्यायालयात दाद मागणार. त्यातही २०१३ नंतर अध्यक्ष बॅरन वाका यांच्या मंत्रिमंडळात न्याय आणि अर्थ ही दोन्ही खाती डेव्हिड अडियांग या एकाच मंत्र्याकडे होती. न्याय, सीमा आणि तिजोरी यांच्या किल्ल्या एका जुडग्यात आल्या.

या व्यवस्थेचा अर्थ जानेवारी २०१४ मध्ये प्रत्यक्ष दिसला. सरकारने दोन परदेशी रहिवाशांना हद्दपार करण्याचे ठरविले. निवासी दंडाधिकारी पीटर लॉ यांनी त्या हद्दपारीला तात्पुरती मनाई केली. त्यावर सरकारने लॉ यांनाच बडतर्फ करून विमानात बसविले. सरन्यायाधीश ईम्स यांनी ऑस्ट्रेलियातून लॉ यांच्या हद्दपारीला मनाई केली. ती मानली गेली नाही आणि पाठोपाठ ईम्स यांचाच व्हिसा गेला. ऑस्ट्रेलियातून आलेल्या महान्यायअभिकर्त्यांनीही राजीनामा दिला. जुलै २०१३ मध्ये बेटावरील छावणीत झालेल्या दंगलीबद्दल अनेक आश्रयार्थींवर खटले भरलेले होते. त्यांचीही सुनावणी लॉ यांच्यापुढे व्हावयाची होती.

या छावणीचा उल्लेख आला, की नाऊरूच्या अर्थव्यवस्थेकडे वळावे लागते. न्यायखाते असे का वागले, याचे उत्तर मंत्र्यांच्या स्वभावात शोधून पुरे पडणार नाही.

एका खनिजाचा देश

१९०० च्या सुमारास नाऊरूवर उत्तम प्रतीचे फॉस्फेट सापडले. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होते. १९०७ च्या सुमारास एका ब्रिटिश कंपनीने निर्यात सुरू केली. प्रारंभी जमीनमालकांना मिळणारा मोबदला टनामागे अर्धा पेनी इतका होता. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतले आणि नंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी मिळून स्थापन केलेल्या फॉस्फेट आयोगाने ते खणावयास घेतले. राष्ट्रसंघाचा 'पवित्र विश्वस्तभाव' हा शब्द कागदावर होता. प्रत्यक्षात जागतिक बाजारभावापेक्षा स्वस्त दराने ते खत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतांवर पडत राहिले. दुसऱ्या महायुद्धात जपानने सुमारे १,२०० नाऊरूवासीयांना ट्रुक बेटांवर वेठीला नेले; त्यांतील साडेचारशेहून अधिक माणसे परत आली नाहीत. युद्धानंतर पुन्हा तेच विश्वस्त, पुन्हा तेच खोदकाम. १९६० नंतरच्या दशकात, बेट राहण्यालायक उरणार नाही म्हणून सगळ्या लोकसंख्येला क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरील कर्टिस बेटावर हलविण्याची सूचना ऑस्ट्रेलियाने केली. आपले स्वतंत्र राष्ट्रीय अस्तित्व पुसले जाईल, या कारणाने नाऊरूवासीयांनी ती १९६४ मध्ये नाकारली.

३१ जानेवारी १९६८ रोजी हॅमर डी रोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली नाऊरू स्वतंत्र झाले. स्वतःच्याच भूमीतील फॉस्फेट-उद्योग त्याला २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घ्यावा लागला. त्यानंतरची काही वर्षे वैभवाची होती. दरडोई उत्पन्नात नाऊरू जगातील अग्रगण्य देशांत गणले गेले. मेलबर्न शहरात १९७७ मध्ये ५२ मजल्यांचे 'नाऊरू हाऊस' उभे राहिले. फॉस्फेट संपल्यावर उपयोगी पडावा म्हणून उभारलेल्या विश्वस्तनिधीची मालमत्ता एकेकाळी १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या पुढे गेली होती. पुढे हा निधी वाईट गुंतवणुकी, कर्जे आणि उधळपट्टी यांत वितळला. १९९३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीच्या जीवनावरचे एक संगीत नाटक नाऊरूच्या पैशावर उभे राहून कोसळले, हा त्यातलाच एक प्रसंग. २००४ मध्ये 'नाऊरू हाऊस'ही विकले गेले. मागे राहिला तो चार-पंचमांश भाग खणून काढलेला, प्रवाळाच्या सुळक्यांनी भरलेला ओसाड मध्यप्रदेश आणि किनाऱ्यालगतची वस्तीची अरुंद पट्टी.

ही कहाणी 'मिळाले ते उडविले, आता भोगा' अशा उपदेशाच्या सुरात सांगण्याची चाल आहे. उधळपट्टी खरीच होती आणि तिची जबाबदारी नाऊरूच्या राज्यकर्त्यांवरच आहे. पण ज्या विश्वस्तांनी सुमारे पन्नास वर्षे एकाच खनिजाभोवती सारे अर्थकारण बांधले आणि प्रशासक, वकील, हिशेबनीस तयार होतील अशी कोणतीही व्यवस्था मागे ठेवली नाही, त्यांनी असा उपदेश करावा हे शोभत नाही.

कायद्याचा आधार घेणारे नाऊरू

लहान राष्ट्राला न्यायाच्या मार्गाने जाणे परवडतच नाही, असेही म्हटले जाते. नाऊरूने स्वतःच हे खोटे पाडले आहे. खणून टाकलेल्या जमिनीच्या पुनर्वसनाची जबाबदारी कोणाची, हे ठरविण्यासाठी नाऊरूने श्रीलंकेचे विख्यात कायदेपंडित सी. जी. वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्या पायावर मे १९८९ मध्ये नाऊरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा दाखल केला. ऑस्ट्रेलियाने अनेक प्राथमिक हरकती घेतल्या. जून १९९२ मध्ये न्यायालयाने त्यांतील बहुतेक फेटाळून दावा चालविण्यास आपण समर्थ असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने तडजोड केली आणि १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले.

काही हजार वस्तीच्या एका देशाने आपल्या भूतपूर्व विश्वस्ताला जगाच्या न्यायालयात उभे केले आणि भरपाई घेतली. वसाहतवादाविरुद्धच्या लढ्यातील हे एक उज्ज्वल पान आहे. ते येथे आठवावयाचे कारण असे, की राष्ट्राचा लहानपणा हा न्यायाचा शत्रू नव्हे, हे त्याने सिद्ध केले. मग २०१४ मध्ये काय बदलले होते?

नवे खनिज

बदलले होते ते उत्पन्नाचे साधन. फॉस्फेट संपत आले तसे नाऊरूने प्रथम कागदी बँकांचा धंदा करून पाहिला. काळ्या पैशाचे आश्रयस्थान म्हणून २००० मध्ये त्याचे नाव आंतरराष्ट्रीय काळ्या यादीत गेले. ऑगस्ट २००१ मध्ये 'टँपा' या नॉर्वेजियन जहाजाने बुडत्या नौकेवरून ४३३ आश्रयार्थींना वाचविले. ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या भूमीवर उतरू दिले नाही आणि सप्टेंबरमध्ये नाऊरूशी करार करून त्यांतील बहुतेकांची रवानगी या बेटावरील छावणीत केली. मोबदल्यात आर्थिक मदत दिली. ही छावणी २००८ मध्ये बंद झाली आणि २०१२ मध्ये पुन्हा उघडली. आश्रयार्थींमागे व्हिसाशुल्क, छावणीतील रोजगार, कंत्राटे, विकासमदत या सर्वांमुळे नाऊरूच्या महसुलाचा मोठा भाग ऑस्ट्रेलियाच्या या एका गरजेवर अवलंबून राहू लागला. पूर्वी जमिनीतून खत काढले जाई; आता माणसांना कोंडून ठेवण्याचे भाडे मिळू लागले.

अर्थशास्त्रात एकच खरेदीदार असलेल्या बाजाराचा विचार केला जातो. तेथे विकणारा नावापुरताच स्वतंत्र असतो. येथे विक्रीला आलेली वस्तू कोणती होती? ऑस्ट्रेलियाला हवे होते ते आपल्या न्यायालयांच्या आणि आपल्या नागरिकांच्या नजरेपलीकडचे ठिकाण. बेटावर निर्भय न्यायालय आणि मोकळी वृत्तपत्रे असती, तर त्या मालाची किंमत उरली नसती. परदेशी वार्ताहरांच्या व्हिसाचे शुल्क २०१४ मध्ये २०० वरून ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरांवर नेण्यात आले, ते या दृष्टीने पाहावे. २०१३ मध्ये काही आश्रयार्थींनी आपल्या स्थानबद्धतेला नाऊरूच्या सर्वोच्च न्यायालयात घटनात्मक आव्हान दिले, तेव्हा प्रतिवादी होते न्यायखात्याचे सचिव. आव्हान फेटाळले गेले. परंतु ज्या खात्याने न्यायालयाची राखण करावयाची, तेच खाते छावणीचे पालक म्हणून न्यायालयापुढे उभे होते, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

छावणीचे कुंपण नागरिकांभोवती

परक्यांसाठी उभारलेली अन्याययंत्रणा परक्यांपुरती राहत नाही, हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. २०१४ च्या मे-जूनमध्ये विरोधी पक्षाच्या पाच सभासदांना संसदेतून निलंबित करण्यात आले. त्यांतील काहींचा अपराध असा, की परदेशी वृत्तसंस्थांपुढे त्यांनी सरकारवर टीका केली. जून २०१५ मध्ये संसदेबाहेर निदर्शने झाली आणि १९ जणांवर खटले भरले गेले. 'नाऊरूचे एकोणीस' या नावाने ते ओळखले जातात. त्यांत एक माजी अध्यक्ष स्प्रेंट डाब्विडो आणि एक माजी न्यायमंत्री मॅथ्यू बात्सिउआ होते. निलंबित सभासद रोलँड कुन यांचे पारपत्र काढून घेण्यात आले आणि न्यूझीलंडमधील कुटुंबापासून त्यांना वर्षभर दूर राहावे लागले. याच सुमारास न्यूझीलंडने नाऊरूच्या न्यायखात्याला देत असलेली मदत स्थगित केली. ऑस्ट्रेलियाची मदत चालू राहिली.

आरोपींपैकी तिघांनी गुन्हा कबूल केला. खालच्या न्यायालयाने त्यांना काही महिन्यांच्या शिक्षा दिल्या. सरकारने अपील करून त्या बऱ्याच वाढवून घेतल्या. परंतु १९७६ च्या करारानुसार नाऊरूच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयावर ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात अपील करता येत असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये हायकोर्टाने वाढीव शिक्षा रद्द केल्या आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. डिसेंबर २०१७ मध्ये नाऊरू सरकारने तो करारच संपविण्याची नोटीस दिली. मार्च २०१८ मध्ये ती अंमलात आली. आरोपींना आणि त्यांच्या वकिलांना हे कळले एप्रिलमध्ये. देशाचे नवे अपील न्यायालय स्थापन करणारा कायदा तोवर झालेला नव्हता. मधल्या काळात नागरिकाला अपिलाची जागाच उरली नाही.

सरकारचे समर्थन असे होते, की परक्या देशाच्या न्यायालयात अपील जाणे हा वसाहतकाळाचा अवशेष आहे आणि स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी राष्ट्राने स्वतःचे अपील न्यायालय उभारावे. समाजवादी कार्यकर्त्याला हा युक्तिवाद सहज पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो काळजीपूर्वक तपासला पाहिजे. स्वतःचे अपील न्यायालय असणे केव्हाही योग्यच. पण जे सरकार ऑस्ट्रेलियाची छावणी, ऑस्ट्रेलियाचे शुल्क आणि ऑस्ट्रेलियाची कंत्राटे यांवर चालत होते, त्याला ऑस्ट्रेलियाची एकच गोष्ट परकी वाटली : जिथे नाऊरूचा सामान्य माणूस आपल्याच सरकारविरुद्ध जिंकू शकत होता ते न्यायालय. सार्वभौमत्वाची घोषणा खरी की खोटी, हे ती कोणाच्या हातातून काय काढून घेते यावरून ठरवावे. १९८९ चे सार्वभौमत्व बलाढ्य देशाविरुद्ध वापरले गेले, २०१८ चे स्वतःच्या नागरिकांविरुद्ध.

उरलेल्या आरोपींच्या खटल्यासाठी सरकारने ऑस्ट्रेलियातील निवृत्त न्यायाधीश जेफ्री म्यूके यांना आणले. त्यांनी आरोपींच्या बचावाच्या खर्चासाठी सुमारे सव्वादोन लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचा हुकूम सरकारला केला. पैसे दिले गेले नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये म्यूके यांनी सरकारच्या वर्तनावर अत्यंत कडक ताशेरे ओढून खटल्याला कायमची स्थगिती दिली. आरोपींना बेटावर कोठेही काम मिळू नये अशी व्यवस्था झाल्याचा पुरावाही त्यांच्यापुढे आला होता. सरकार आणि छावणी याखेरीज फारसा रोजगार नसलेल्या बेटावर ही शिक्षा तुरुंगाहून कमी नव्हे. त्यानंतर म्यूके यांचा करार संपविण्यात आला. जून २०१९ मध्ये नव्या अपील न्यायालयाने स्थगिती उठविली आणि फेरसुनावणीत, डिसेंबर २०१९ मध्ये, राहिलेले बहुतेक आरोपी दोषी ठरले.

तोवर स्प्रेंट डाब्विडो हयात नव्हते. २०१२ मध्ये छावणी पुन्हा उघडण्याच्या करारावर अध्यक्ष म्हणून त्यांनीच सही केली होती. पुढे कर्करोगाने आजारी असताना त्यांनी स्वतःच ऑस्ट्रेलियाकडे राजकीय आश्रय मागितला आणि मे २०१९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. आश्रयार्थींना कोंडण्याचा करार करणारा राष्ट्रप्रमुख अखेर आश्रयार्थी झाला. या घटनेवर अधिक भाष्याची गरज नाही.

मार्ग कोणता?

या खात्याने काही चांगले केलेच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १८९९ च्या क्वीन्सलंडच्या दंडसंहितेच्या जागी २०१६ मध्ये नाऊरूने नवा फौजदारी कायदा आणला. समलिंगी संबंध आणि आत्महत्येचा प्रयत्न हे त्याने गुन्ह्यांच्या यादीतून वगळले. खात्यात कायद्याची जाण असलेली माणसे होती, कायदे सुधारण्याची क्षमता होती. तिजोरीचा प्रश्न आला की ती क्षमता निरुपयोगी ठरे.

उपायही याच दिशेने शोधले पाहिजेत. कॅरिबियन समुद्रातील लहान राष्ट्रांनी २००५ मध्ये सामाईक न्यायालय सुरू केले, तेव्हा त्याच्या खर्चासाठी १० कोटी अमेरिकन डॉलरांचा स्वतंत्र विश्वस्तनिधी आधीच उभा केला. न्यायाधीशांचे वेतन कोणत्याही एका सरकारच्या मर्जीवर राहू नये, हा हेतू. त्या न्यायालयाच्याही अडचणी आहेत. परंतु न्यायाचे स्वातंत्र्य ही अंदाजपत्रकाची बाब आहे, हे त्यांनी ओळखले. प्रशांत महासागरातील बेटांनाही असे सामाईक न्यायालय, असा निधी आणि परदेशी न्यायाधीशांचा व्हिसा मंत्र्याच्या हाती न ठेवणारा कायदा यांची गरज आहे.

पण केवळ बेटांनी सुधारून भागणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, ज्यांना परत पाठविणे शक्य नाही अशा परदेशी व्यक्तींना अनिश्चित काळ स्थानबद्ध ठेवणे बेकायदा ठरविले. त्यामुळे सुटलेल्या माणसांसाठी ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा नाऊरूच गाठले. प्रारंभी ४० कोटी ८० लाख आणि पुढे दरसाल ७ कोटींपर्यंत ऑस्ट्रेलियन डॉलर असा व्यवहार ठरला. नाऊरूच्या अध्यक्षपदी तेव्हा होते डेव्हिड अडियांग, २०१४ चे न्याय आणि अर्थमंत्री. पाठोपाठ ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायदा करून अशा रवानगीच्या निर्णयांमधून नैसर्गिक न्यायाचे तत्त्वच वगळले. म्हणजे स्वतःच्या न्यायालयाने बंद केलेली वाट मोठ्या लोकशाहीने लहान बेटावरून काढली. आणि ती काढताना आपल्याही कायद्यातून न्यायाचा तेवढा भाग खणून नेला.

ज्याला मत नाही, नागरिकत्व नाही, भाषा येत नाही, अशा परक्याच्या हक्कासाठी उभे राहण्याचा प्रसंग प्रत्येक कार्यकर्त्यावर येतो. 'आपल्याच लोकांचे प्रश्न थोडे आहेत काय?' असे त्याला विचारले जाते. नाऊरूच्या बारा हजार लोकांना त्याचे उत्तर अनुभवातून मिळाले. छावणीतील माणसासाठी न्यायालयाचे दार लावले गेले, तेव्हा ते आपलेही दार आहे हे बहुतेकांच्या ध्यानी आले नाही. वर्षभरात त्याच दाराशी त्यांचे प्रतिनिधी उभे होते.